लालीचा पाय

तलावाच्या पाळीवरून दामिनी तिसऱ्यांदा धावत आली, तेव्हा तिचा बाप गोपीचंद उकिडवा बसून फक्त पाय पाहत होता. दामिनीचे नव्हे, लालीचे. घोडीचा पुढचा डावा पाय जमिनीवर कसा टेकतो, यापलीकडे त्या माणसाला गेले दहा महिने काही दिसतच नव्हतं.

दामिनीने हातातला दोर सैल सोडला, धापा टाकत मोबाइल पाहिला आणि वहीत आकडा लिहिला. तीन मिनिटं दोन सेकंद. कालच्यापेक्षा तीन सेकंद कमी. गोपीचंदने समाधानाने मान हलवली. घोडी सुधारत होती.

लाली वरातीची घोडी. त्यांच्या कोंढा गावासह पंधरावीस गावांचे नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात उतरले होते. गेल्या मे महिन्यात एका वरातीत कुण्या शहाण्याने फटाक्यांची लड तिच्या पोटाखालीच पेटवली. लाली उधळली, सिमेंटच्या रस्त्यावर घसरली आणि पायाची नस फाटली. पाय कोहळ्याएवढा सुजला. विकून टाक, आता ही काही कामाची नाही, असं गाव म्हणालं. गोपीचंदने गावाशी बोलणंच टाकलं.

जनावरांच्या डॉक्टर रिता मॅडमनी पट्टी बांधली, थंड पाण्याची धार धरायला सांगितली आणि पुढं काय काय करायचं ते एका कागदावर लिहून दिलं. दोन महिन्यांनी मॅडमची बदली झाली. कागद राहिला. तो होता इंग्रजीत आणि गोपीचंदची शाळा सातवीतच आटोपलेली. तेव्हापासून कागद दामिनी वाचायची आणि ती वाचेल तो घरातला कायदा.

पहिल्यांदा रोज दहा मिनिटं नुसतं चालणं निघालं. मग अर्धा तास. दसऱ्यानंतर कागदात धावणं निघालं. दिवाळीनंतर न थांबता आठशे मीटर, तेही घड्याळ लावून. पुढे पुढे तर शंभर मीटर एकदम जोरात. घोडीसोबत दोर धरून कोणीतरी धावायला हवं आणि गोपीचंदचे गुडघे केव्हाच गेलेले. म्हणून दामिनी धावायची. तिने एकदाच बूट मागितले आणि बापाने दुसऱ्याच दिवशी पवनीच्या बाजारातून आणून दिले. याच माणसाने तिच्या लग्नाच्या शालूसाठी दुकानदाराशी तासभर घासाघीस केली होती. पण घोडीच्या कामात चिक्कूपणा नाही.

लग्न याच मधल्या काळात ठरलं. मुलगा चिखल्याचा, निकेश. खाणीत नोकरी, स्वभावाने गरीब. नाव ठेवायला जागा नव्हती. दामिनी एवढंच म्हणाली की एक वर्ष थांबा. आईने, शकुनबाईने, ते जेवताना नवऱ्याच्या कानावर घातलं. कायले, असं गोपीचंदने विचारलंही. पण दामिनी तोंड उघडणार तेवढ्यात लाली खिंकाळली आणि तो ताटावरून उठून गोठ्यात गेला. परत आला तेव्हा विषय डाळीत मीठ कमी असल्याचा होता.

त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. "दुसऱ्याचे जावई लय वाहून झाले हिचे," भेटेल त्याला तो सांगायचा. "आता माझा आणल." पाय सुधारला नाही तर बाहेरून भाड्याची घोडी आणावी लागणार होती. नुसत्या विचाराने त्याची झोप उडायची.

जानेवारीत लालीच्या पाठीवर तांदळाचं पोतं ठेवून पाहिलं. मग एक दिवस तो स्वतः बसला. लाली सरळ चालली. गोपीचंदचे डोळे भरून आले. शेजारी दामिनीही रडत होती. घोडीवर पोरीचाही जीव आहे, हे पाहून त्याला फार बरं वाटलं.

मार्चमध्ये हळद लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे, मांडवात पाहुणे अजून घोरत असताना, दामिनी पिवळ्याजर्द तोंडाने बूट घालून बापासमोर उभी राहिली.

"बाबा, कागदात आजची शेवटची फेरी आहे. पाठीवर बसून, फाट्यावरी. नाही केली त पाय आखडते."

हळद लागलेली नवरी गावाच्या शिवेबाहेर जात नसते, असं शकुनबाईने बजावलं. आजवर या घरात कोणी ते मोडलं नव्हतं. गोपीचंदने बायकोकडे पाहिलं, मग लालीच्या पायाकडे.

"जाऊ दे व," तो म्हणाला. "घोडीचा सवाल आहे."

दामिनी वाकून दोघांच्या पाया पडली. आज लग्न, म्हणून पडली असेल. मग तिने लालीच्या मानेवर गाल टेकवला आणि निघाली. फाटा तीन किलोमीटरवर. थोड्या वेळाने तिकडून पहिल्या बसचा हॉर्न ऐकू आला.

उजाडता उजाडता लाली परत आली. एकटीच. पायात अडकू नये म्हणून लगाम खोगिरात नीट खोचलेला होता, त्याला हळद लागली होती. घोडीला भार नको म्हणून पोरगी उतरून मागून पायी येत असेल, असं गोपीचंदला वाटलं. शहाणी पोर. तो खाली बसला, पाय चाचपला. थंडगार. सूज नाही, कळ नाही. आनंद त्याच्या पोटात मावेना. त्याने तिथूनच रिता मॅडमना फोन लावला.

"मॅडम, तुमच्या कागदानं घोडी उभी केली," तो म्हणाला. "ते आठशे मीटर, मंग ते शंभर मीटर, सारं दामिनीनं करून घेतलं."

मॅडमनी आकडे पुन्हा विचारून घेतले.

"गोपीचंदभाऊ, मी घोडीला फक्त चालवायला लिहिलं होतं. आठशे आणि शंभर मीटर तर पोलीस भरतीत मुलींना धावावं लागतं."