हिरवट दगड

क्योटोच्या दुकानात म्हाताऱ्या नाकामुरांनी हेमलतासमोर खाणीतले तीन दगड मांडले. सांगलीत वडिलांचं सलून चालवणारी हेमलता वस्तऱ्याला धार लावायला असाच दगड शोधत इतक्या लांब आली होती.

"एक निवडा, धार लावा आणि माझी दाढी करा," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "जमलं तरच विकेन."

तिने तिन्हींवरून अंगठा फिरवला. हिरवट दगड सगळ्यांत मऊ लागला. त्यावर पाणी शिंपडून तिने वस्तरा घासला. नाकामुरांनी फेस लावलेली मान मागे टाकली.

वस्तरा गळ्याशी नेता नेता ती थबकली. आधी तिने तो स्वतःच्या मनगटावर फिरवला. केस निघाले, पण ओढत. आता माघार घेतली तर रिकाम्या हाताने परतावं लागणार होतं.

"माझी निवड चुकली," तिने वस्तरा मिटला. "या धारेनं मी तुमच्या गळ्याला हात लावणार नाही."

नाकामुरांनी फेस पुसला. खाली तीन जुने व्रण होते.

"तुमच्याआधी आलेले तिघं थांबले नव्हते," ते म्हणाले. "बसा. दगड कसा ओळखायचा, ते दाखवतो."