बांधावरची ओल

"हे बघ, परत ओलं." व्हेर्नाने काठी बांधाच्या उतारावर टोचली. काठी मातीत रुतली.

डेल वाकला. मिशिगनमधल्या त्या तळ्याकाठच्या घरमालकांच्या संघाचा तो अध्यक्ष. तळं अडवणारा साठ वर्षांचा मातीचा बांध त्याच्याच गळ्यात.

"दव असेल, व्हेर्ना."

"दुपारी दोनला? खाली मुलांचं शिबिर आहे, डेल. ऐंशी पोरं. फुटला तर त्यांच्या आयांना दव म्हणून सांग."

"चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची बोटींची मिरवणूक तोंडावर आलीय. तळं रिकामं केलं तर लोक मला त्यातच बुडवतील."

"रिकाम्या तळ्यात?"

डेल हसला. जाता जाता म्हणाला, "टॉडची काही खबर?"

"नाही."

"कॅनडात मजेत असेल तुझा लेक."

अकरा वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, तळ्यावरचा बर्फ पातळ व्हायला लागला होता तेव्हा, टॉड बायकोशी भांडून बर्फावर चालणाऱ्या लाल स्नोमोबाइलवर बसला आणि गेला तो गेलाच. पळाला, असं सगळे म्हणायचे. बायकोसुद्धा.

 पंप लावून व्हेर्ना टोमॅटोला पाणी घालायला लागली. काठावरचे सगळेच तळ्याचं पाणी खेचून बाग शिंपायचे. तिची बाग बांधाला लागूनच होती.

पुढच्या आठवड्यात सरकारी तपासनीस आली, तरुण मुलगी. तिने बांधाजवळ पाण्यात हिरवा रंग ओतला.

"खाली हिरवं आलं, तर समजायचं तळं बांधातून झिरपतंय."

दुसऱ्या दिवशी ओल हिरवीगार. मुलीचा चेहराच उतरला.

"शिबिर आजच हलवा. तळं रिकामं करायचं."

नऊ दिवस लागले. बोटी चिखलात आडव्या झाल्या, मिरवणूक बुडाली. लोक व्हेर्नाशी बोलेनात. कुणीतरी तिच्या टपालपेटीत मेलेला मासा टाकला. तिने तो पुरला आणि परत खुर्ची टाकून काठावर बसली.

नवव्या दिवशी मधल्या गाळात काहीतरी लाल दिसलं.

डेलने टोपी काढली. "व्हेर्ना, मी... मी म्हणायचो की तो..."

"सगळेच म्हणायचे."

दुपारी टॉडला वर आणलं. हेल्मेट अजून डोक्यावर होतं. व्हेर्नाने त्याच्यावरचा गाळ ओंजळीने पुसला. त्याला नेणारी गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती रस्त्यावर उभी राहिली.

मग घरी येऊन ती टोमॅटोच्या मागे गेली, बांधाच्या गवताखाली हात घातला आणि पंपापासून उतारापर्यंत तिनेच पुरलेला पाइप हळूहळू ओढून काढला. त्याचं तोंड अजून हिरवं होतं.