आंदणाचा फ्रीज

“विकलेला माल परत होत नाही, मामाजी. पाटी दिसून नाही राहिली का?” साकोलीच्या आपल्या दुकानात प्रफुल्लभाऊंनी भिंतीकडे बोट केलं.

“पाटी दिसते. तुमचा फ्रीज गरम आहे, तेही दिसते,” यादोराव म्हणाले.

गिऱ्हाइकं हसली. फ्रीज दुकानासमोर पिकअपमध्ये दोरीने बांधलेला होता. यादोरावांची मुलगी डिंपल दाराशी खाली मान घालून उभी होती. तिच्या लग्नात यादोरावांनी तो आंदण दिला होता. आठवड्यातच बिघडला. दुकानाचा मेकॅनिक येऊन गेला, पण थंड काही झाला नाही. मग दिघोरीच्या सासरच्यांनी फ्रीज आणि सून एकाच गाडीत बसवून सानगडीला यादोरावांकडे पाठवून दिले. निरोप एवढाच होता : चांगला फ्रीज मिळेल त्या दिवशी पोरगी पाठवा.

माहेरी आल्यापासून डिंपल दिवसादेखील मेल्यासारखी झोपत होती. यादोरावांना वाटलं, पोरीने हाय खाल्ली. पोरगी काहून घरी आहे, असं गावात लोक विचारू लागले.

“गल्लीभरच्या पाण्याच्या बाटल्या कोंबल्या असतीन त्यात,” प्रफुल्लभाऊ म्हणाले.

“मंग काय रिकामा ठेवून पूजा कराची होती?”

यादोरावांनी स्टूल ओढलं आणि बसले. “आमच्या ग्रामसभेत वकीलबाई आली होती. तिनं सांगतलं, खराब माल दुकानदाराले वापस घ्याच लागते. पाटी लावून गिऱ्हाइकाचा हक्क जात नाही. बिल आहे, वारंटी आहे. उद्या भंडाऱ्याले ग्राहक आयोगात जातो. मंग तिथं बोट दाखवा.”

मिक्सर पाहत असलेल्या बाईने मिक्सर खाली ठेवला. “चला, दुसरीकडं पाहू,” ती नवऱ्याला म्हणाली. तिच्यामागे आणखी दोघं निघाले.

प्रफुल्लभाऊंचा आवाज एकदम उतरला. “तुम्ही बी कायले तापता, मामाजी? चहा घ्या. देतो नवीन.”

यादोरावांचे डोळे भरून आले. पोरीचा संसार वाचला. ते फोन घेऊन रस्त्यावर गेले आणि व्याह्यांना मोठ्याने सांगू लागले, “इवाईबुवा, नवीन भेटला! आजच पाठवतो. फ्रीजही अन् पोरगीही.”

प्रफुल्लभाऊंनी हमालांना हाक मारली. मग ते डिंपलकडे वळले. “ताई, कलर तुम्हीच सांगा. लाल देऊ का निळा?”

डिंपलने रस्त्यावर हसत बोलणाऱ्या बापाकडे पाहिलं. मग ती काउंटरजवळ आली.

“भाऊ, नाही देत म्हणून सांगा ना माह्या बाबाले.”