पणजोबांची कविता

नव्याण्णव साली कोसोव्होतलं घर लढाईत जळाल्यावर इलिरने म्हाताऱ्या वडिलांना कुवेतला आपल्याकडे आणलं. महिन्याभरातच त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. वडिलांचे पणजोबा कवी आणि मास्तर. शंभर वर्षांपूर्वी तुर्की राजवटीची बंदी असताना मुलांना चोरून अल्बेनियन मातृभाषा शिकवायचे. त्यांच्या कवितांची वही घराबरोबर गेली. एक कविता तेवढी वडिलांना तोंडपाठ होती. इलिरने ती कधीच शिकून घेतली नव्हती. एका दुपारी त्यांचा श्वास अडकू लागला. "लिहून घे," ते मोडक्या इंग्रजीत वॉर्डातल्या मराठी प्रेमा सिस्टरला म्हणाले. "बाबा, सावकाश सांगा," म्हणत तिने न कळणारे शब्द ऐकू आले तसे देवनागरीत उतरवले. इलिर शहराबाहेरच्या फहाहीलहून पोचला, तोवर सारं आटोपलं होतं. "मला अर्थ ठाऊक नाही," असं सांगून ती वाचू लागली. दुसऱ्या ओळीला तो फरशीवर बसला आणि एकेक ओळ तिच्यामागून म्हणू लागला.