मागच्या तोंडाच्या नळ्या

केतकीने रुंजीच्या तोंडात बोट घालून पार घशापर्यंत चाचपलं. दहा महिन्यांची पोर किंचाळायला लागली. शेजारी सतरंजीवर सासऱ्यांच्या खेळण्यातल्या आगगाडीचं लाडकं विलायती डिझेल इंजिन आडवं पडलं होतं. हुबेहूब, पण वीतभर. त्याच्या पुढच्या तोंडाला ब्रेकच्या, तांदळाएवढ्या सहा काळ्या नळ्या होत्या. मागच्या तोंडाला एकही नव्हती.

"बाबा, हिने नळ्या गिळल्या! तुमच्या त्या खेळण्यापायी!" ती आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली. "रिक्षा बोलवा, एक्सरे काढू."

"अगं, थांब. मागे मी डबे जोडतो. नळ्या लावल्या तर डबे जोडायचा आकडा वळत नाही, म्हणून तिथे कधी लावल्याच नाहीत. पिशवीत आहेत."

"दाखवा."

त्यांनी एक खण उपसला, मग दुसरा. तिसऱ्यात चिमुकली पिशवी सापडली. केतकीने नळ्या तळहातावर ओतून दोनदा मोजल्या. सहाच्या सहा.

ती रुंजीला छातीशी धरून खाली बसली. बाबा स्टुलावर चढले आणि त्यांनी इंजिन कपाटाच्या माथ्यावर पार आत सरकवलं.

"राहू द्या ना, बाबा. मी उगाच बोलले."

"आधी हात दे, खाली उतरू दे. पिशवी सापडेपर्यंत मीही मनाने दवाखान्यातच पोचलो होतो."