नऊ सेकंद

कुंदाताईंचा डोळा दुर्बिणीला चिकटला होता. नेपच्यूनपलीकडचा ‘मैत्रेयी’ नावाचा बर्फाळ गोळा आत्ता एका ताऱ्यासमोरून जाणार आणि तो तारा नऊ सेकंद विझणार. त्या गोळ्यावरच्या वसाहतीत त्यांचा मुलगा निनाद राहत होता. मागल्या दिवाळीत असाच एक तारा अगदी ठरल्या सेकंदाला विझला होता.

आज तारा विझलाच नाही.

“गणित चुकलं असेल तुझं,” नवरा, सदाशिवराव, म्हणाले.

“निपाणीहून, चंदगडहून तारा बघणाऱ्यांचे फोन आले. तिथंही नाही विझला. अहो, तो गोळाच जागेवर नाही!”

तेवढ्यात निनादचा रोजचा निरोप आला. “आई, आत्ताच ताऱ्यासमोरून गेलो. तुला हात केला. दिसली का आमची सावली?”

“बघ, सुखरूप आहे!” सदाशिवरावांचा जीव भांड्यात पडला.

ताईंनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला; तारा तसाच तेवत होता. “दिवाळीपासून आपण कुणाशी बोलतोय हो?”