डाव्या बाजूची पिशवी

स्नेहल मॅडमनी दिशाच्या ॲप्रनवरची टाचणी काढायला हात पुढे केला. "अगं, आतडं असं मधेच बाहेर नाही काढायचं. खाली नेऊन संपवायचं."

चौथीच्या पोरांनी जुन्या साड्यांचे ॲप्रन शिवून त्यावर पचनसंस्था टाचली होती. अन्ननलिकेला पाइपचा तुकडा, जठराला फुगा, आतड्याला साडीच्या काठाची वेटोळी. बघायला पालकांना बोलावलं होतं. बाकी सगळ्यांचं आतडं मुकाट खाली गेलं होतं. दिशाचं मात्र बेंबीच्या डावीकडे वळून दुधाच्या रिकाम्या पिशवीत शिरलं होतं.

"आता ही पिशवीत हागनार!" ओम ओरडला आणि वर्ग खदखदून हसला.

दिशाने दोन्ही हातांनी पिशवी झाकली. न राहवून तिने दाराकडे बघितलं.

दारात तिचा बाप उभा होता. ऑपरेशन झाल्यापासून वाल्मिक चार माणसांत बसत नव्हता. ऐन उकाड्यातही पोटावरून उपरणं. पंगत बसली की हा काहीतरी निमित्त काढून घरी. वास आला तर काय घ्या! नगरला पोट कापलं, एवढंच खर्डा गावाला ठाऊक होतं. बायको ऊसतोडीला गेल्यापासून त्याच्या पोटावरची पिशवी बदलताना पाणी ओतायला दिशाच असायची. कुणाला सांगायचं न्हाई, असं त्याने तिला बजावलं होतं. पोरीने सांगितलं नव्हतंच. तिने फक्त शिवलं होतं.

वाल्मिकचे कान लाजेने तापले. आल्या पावली निघून जावं, असं त्याला वाटलं. पण पोरीचे हात पिशवीवरून हलत नव्हते.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "बरुबर हाय तिचं."

"अहो, पण पुस्तकात..."

"पुस्तकातलं बी बरुबर हाय. माझं असं हाय." त्याने उपरणं काढून खांद्यावर टाकलं. शर्टाखाली डावीकडे लहानसा फुगवटा दिसत होता. "आतडं सडलं हुतं. डाक्टरनी हितून वाट काढून दिली, म्हनून मी हाय."

मॅडमनी टाचणीवरचा हात मागे घेतला.

ओमनेच हळू आवाजात विचारलं, "काका, दुखतं का?"

"आता न्हाई दुखत."

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. पोरं ॲप्रनसकट व्हरांड्यात पंगतीला बसली. खिचडी वाढणाऱ्या कडूबाईने पालकांनाही बसायला सांगितलं. वाल्मिक सवयीने चपलांकडे वळला. ते बघून ओम बसल्या बसल्या बाजूला सरकला. त्याच्या आणि दिशाच्या मधे एका माणसापुरती जागा झाली.

वाल्मिक मांडी घालून बसला.

कडूबाई त्याच्यापुढे येऊन थांबली. तिची नजर त्याच्या पोटावर गेली, पळी हातातच राहिली. "तुला चालंल का रं?"

"वाढा मावशी," तो म्हणाला. "लई दिसांची भूक हाय."